अक्षौहिणी म्हणजे नेमके किती?

प्रश्न असा आहे: 'अक्षौहिणी' ही खर्व-निखर्वासारखी संख्या आहे का? आणि 'अक्षोहिणी' असं लिहिलं तर चालेल का?

आधी दुसऱ्या भागाचं बघू, ते लवकर उरकतं. अक्ष + ऊहिनी अशी फोड आहे. अ आणि ऊ मिळून एरवी 'ओ' होतो, म्हणून 'अक्षोहिणी' बरोबर वाटतं. पण नेमक्या याच जोडीसाठी प्राचीन व्याकरणकार कात्यायनाचं वेगळं वार्तिक (पाणिनीच्या सूत्रांना जोडलेला पुरवणी नियम) आहे आणि त्यानुसार इथे 'औ' होतो. तेव्हा अक्षौहिणीच लिहावं.

आता संख्येचं. हे खर्व-निखर्वासारखं संख्यानाम नव्हे. 'अक्षौहिणी आंबे' असं कोणी म्हणत नाही. ठरावीक आकाराच्या चतुरंग सेनेचं हे नाव आहे आणि तो आकार महाभारताच्या आदिपर्वातच सांगितला आहे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ मिळून एक पत्ती. मग प्रत्येक पायरीला तिप्पट करत जायचं: सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. सातव्यांदा तिप्पट केलं की २,१८७ पत्ती होतात. शेवटची पायरी मात्र दसपट, दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. म्हणजे २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. एकूण २,१८,७००.

या बेरजेत हत्ती-घोडेही आले, सारथी आणि माहूत मात्र वेगळे धरलेले नाहीत. म्हणून महाभारत युद्धातल्या अठरा अक्षौहिणींचे ३९,३६,६०० होतात हे खरं असलं, तरी 'एकोणचाळीस लाख सैनिक' हे सर्रास केलं जाणारं विधान चुकीचं आहे.

या आकड्यांवरून एक 'चमत्कार'ही सांगतात: २१,८७०, ६५,६१०, १,०९,३५० आणि २,१८,७००, कुठल्याही आकड्यातल्या अंकांची बेरीज करा, १८ येते. अठरा पर्वं, अठरा दिवस, अठरा अक्षौहिणी, तसंच हेही! बेरीज येते खरी, पण त्यात गूढ काही नाही. सात वेळा तीनने गुणल्यावर संख्येला नवाने भाग जाणारच, आणि मग अंकांची बेरीजही नवाच्याच पाढ्यात पडणार. अठरा अक्षौहिणींच्या ३९,३६,६०० ची करून बघा, २७ येते.

मला त्यापेक्षा दुसरी गंमत आवडते. २,१८,७०० चे मूळ अवयव फक्त २, ३ आणि ५. दोन आणि पाच दोनदोनदा येतात, तीन सात वेळा. सात विषम, म्हणून ही संख्या पूर्ण वर्ग नाही. अजून एक तीन हवा. तीन अक्षौहिणी एकत्र केल्या की ६,५६,१०० होतात, म्हणजे बरोबर ८१० गुणिले ८१०. पांडवांच्या सात, कौरवांच्या अकरा किंवा दोघांच्या मिळून अठरा, यांपैकी कशाचाच असा वर्ग जमत नाही.