घरची मराठी आणि परीक्षेची मराठी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, राहणं इंदूरच्या रामबागेत, वार्ताहर व्हायचंय. मराठी आणि हिंदी दोन्हीकडच्या प्रवेश परीक्षा द्यायच्या आहेत आणि हातात सहा महिने आहेत. तू विचारलंस की सामान्य ज्ञानासाठी कोणतं पुस्तक घ्यावं, आणि शेवटी लिहिलंस, 'भाषेचा पेपर काय, मातृभाषाच आहे, तो निघेल.' त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसले. वयानं तुझ्या मावशीएवढी असेन, म्हणून अगं-तुगं करते.

हीच ओळ मी माझ्या वडिलांना म्हणाले होते, आणि त्यापायी माझं एक वर्ष गेलं.

अर्ज, वयोमर्यादा, फोटोचा आकार यावर मी काही सांगत नाही, ते तू स्वतः वाचशील. दिल्लीची १९६५ सालची भारतीय जनसंचार संस्था, तिचं अमरावतीचं केंद्र (तिथे मराठी पत्रकारितेची पदविका आहे), भोपाळचं माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ, आपल्या इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आणि दैनिकं स्वतः घेतात त्या प्रशिक्षणार्थींच्या परीक्षा, या सगळ्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि ते बदलत राहतात. माझी परीक्षा होऊन बरीच वर्षं झाली. त्यामुळे नियम ताज्या जाहिरातीतच बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. भाषेबद्दल जे सांगतेय ते मात्र तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. आमच्या दैनिकाच्या संपादकीय डेस्कवर नवी मुलं येतात, त्यांच्या बातम्यांत मला ते रोज दिसतं.

मी इंदुरातल्या भंवरकुआं भागातल्या एका क्लासला जात होते. नाव घेत नाही. तिथे सांगितलं गेलं की भाषेचे गुण फुकटचे असतात, वेळ चालू घडामोडींना द्या. मी दिला. मंत्रिमंडळ, पुरस्कार, राजधान्या, सगळं पाठ. मग महाराष्ट्रातल्या एका दैनिकाच्या लेखी परीक्षेला गेले. शंभर गुणांपैकी तीस भाषांतराचे होते, हिंदी उतारा मराठीत उतरवायचा. उतारा बघून मला आनंद झाला. इंदूरची पोरगी, हिंदी रस्त्यावरची, मराठी स्वयंपाकघरातली, मला कोण अडवणार?

उताऱ्यात एक वाक्य होतं, 'विधेयक में संशोधन पर विपक्ष ने आपत्ति जताई।' मी लिहिलं, 'विधेयकातील संशोधनावर विपक्षाने आपत्ती दर्शवली.' आता पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांनी वाच. मराठीत संशोधन म्हणजे प्रयोगशाळेत करतात ते, आणि आपत्ती म्हणजे पूर, भूकंप. हवं होतं, 'विधेयकातील दुरुस्तीला विरोधकांनी आक्षेप घेतला.' पुढे लोकअदालतीची बातमी होती, 'दोनों पक्षों में राजीनामा हो गया।' मी सरळ लिहिलं, 'दोन्ही पक्षांत राजीनामा झाला.' कोर्टातली तडजोड मराठी वाचकापुढे नोकरी सोडणं होऊन गेली. 'शिक्षा विभाग' मी तसाच ठेवला. मराठीत तो शिक्षण विभाग, नाहीतर दंड करणारं खातं होतं. 'मामला दर्ज'चं 'मामला दर्ज केला' केलं, 'गुन्हा दाखल' हा शब्द मला सुचलाच नाही, कारण आमच्या घरात कुणी तो कधी बोललंच नव्हतं. आणि सगळ्यात वर बातमीचं ठिकाण म्हणून मी लिहिलं, 'इंदौर'. मराठी पेपरात ते इंदूर असतं, तसंच ग्वाल्हेर आणि भोपाळ. आपल्या गावाचं नावसुद्धा मी परक्या भाषेत लिहून आले.

तीसपैकी सात मिळाले. सामान्य ज्ञानात मी वरच्या पाचांत होते, त्याचा काही उपयोग झाला नाही. निकालानंतर मी त्या कार्यालयात उत्तरपत्रिका बघायला मिळेल का विचारायला गेले. दोन दिवस मला एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवलं, शेवटी 'पत्र लिहा' म्हणाले. दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. माझी खरी चिडचिड यावर आहे. चूक दाखवली असती तर मी आठ महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी तेच करून आले नसते. हो, तेच केलं, उलट्या दिशेनं. भोपाळला एका हिंदी दैनिकाच्या परीक्षेत मी 'प्रशासकीय यंत्रणा' लिहून आले. हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना. तिथे एका वयस्कर उपसंपादकांनी मला बसवून लाल पेन्सिलीनं एकेक शब्दाला गोल केला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्याकडे भाषा दोन आहेत, पण त्यांच्यामधली भिंत नाही.

ही भिंत बांधायला सहा महिने पुरतात. एक लांब वही घे, मध्ये उभी रेघ मार. रोज सकाळी इंदूरच्या कुठल्याही हिंदी पेपरातली एक बातमी घे आणि तशीच बातमी पुण्याच्या किंवा नागपूरच्या मराठी पेपरात शोध. अपघात, अर्थसंकल्प, विधानसभा, क्रिकेट, रोज वेगळा विषय. ज्या शब्दाचं रूप दोन्हीकडे सारखं आणि अर्थ वेगळा, तो वहीत. हिंदीतलं 'निर्भर' म्हणजे आपलं 'अवलंबून'. शिकस्त हिंदीत पराभव आणि मराठीत पराकाष्ठा, खेळाच्या पानावर हा शब्द हमखास फसवतो. चेष्टा हिंदीत प्रयत्न आणि आपल्याकडे थट्टा. अधिनियमाची 'धारा' मराठीत 'कलम' होते. माझ्या वहीत शेवटी दोनशेच्या आसपास शब्द झाले होते आणि त्यातले चाळीसेक रोजच्या बातमीत येणारे होते. तेवढेच तोंडपाठ असले तरी पेपर बदलतो.

दुसरी अडचण लिंगाची. हिंदीत 'मृत्यु हो गई', मराठीत 'मृत्यू झाला'. हिंदीत सरकार येते ती स्त्रीलिंगी, मराठीत सरकार पडलं, नपुंसकलिंगी. हिंदीत पुलिस आई, मराठीत पोलीस आले. हिंदीत विजय मिली, मराठीत विजय मिळाला. गुन्हे आणि निवडणूक या दोन विषयांत हे चारही शब्द रोज लागतात. ऱ्हस्व-दीर्घही इथेच येतं. हिंदीत व्यक्ति, मृत्यु. मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ, व्यक्ती, मृत्यू. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण १८ आहेत, एका रविवारी वाचून होतात. डोळे मात्र हिंदी वाचून वळलेले असतात, त्यांना वळण लावायला महिने जातात.

कुणाकडून तपासून घ्यावं, यावर माझं मत पक्कं आहे. इंदूरच्या माणसाकडून नको. माझी आजी मला 'छान लिहिलंस' म्हणायची, कारण तिचीही मराठी माझ्यासारखीच, 'मला माहीत पडलं' म्हणणारी. ती मराठी मला प्रिय आहे, घरात मी तीच बोलते आणि तिला कुणी अशुद्ध म्हटलं तर मी भांडते. पण परीक्षक कोल्हापूरचा किंवा जळगावचा असेल. तिकडची मावसबहीण, आत्या, कुणीही असू दे, आठवड्यातून एक पान फोटो काढून पाठव आणि सांग की जिथे वाचताना अडखळलीस तिथे फक्त खूण कर.

सामान्य ज्ञानाबद्दल थोडं, कारण मूळ प्रश्न तो होता. पुस्तक कोणतंही चालेल, खजुरी बाजारात जुनी स्वस्त मिळतात, पण कायद्याच्या भागात सन बघ. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि वृत्तपत्रांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन २०२३ चा आलाय. त्याआधीचं पुस्तक इथे चुकवेल. पत्रकारितेच्या इतिहासातही दोन भाषांचा गोंधळ होतो. हिंदी पत्रकारिता दिवस ३० मे, कारण 'उदन्त मार्तण्ड' हे पहिलं हिंदी वृत्तपत्र १८२६ ला त्या दिवशी निघालं. मराठीत पत्रकार दिन ६ जानेवारी, कारण बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र १८३२ ला त्या दिवशी निघालं. उत्तर लिहिण्याआधी पेपर कोणत्या भाषेचा आहे ते बघ.

टायपिंग आत्ताच शिक, आणि इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी) शिक. एकाच मांडणीवर दोन्ही भाषा होतात. ल च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ळ येतो. हिंदी टंकलेखनाच्या सवयीनं मुलं होळकरचं होलकर करून ठेवतात.

कुणी म्हणेल की दोन्ही दगडांवर पाय ठेवू नकोस, एक भाषा धर. माझं मत वेगळं आहे, पटलं तर घे. माधवराव सप्रे मराठी घरातले, जन्म दमोह जिल्ह्यातला, आणि १९०० साली 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढून हिंदीत उभे राहिले. बाबूराव विष्णु पराडकरांनी काशीच्या 'आज' या दैनिकात हिंदीला नवे शब्द घडवून दिले. आपल्या इंदुरातच राहुल बारपुते 'नई दुनिया'चे संपादक होते. मराठी घर आणि हिंदी वर्तमानपत्र ही वाट आपल्या माणसांनी आधीच चालून ठेवली आहे. या लोकांकडे दोन्ही भाषा होत्या आणि कुठली कुठे थांबते हे त्यांना ठाऊक होतं. मीसुद्धा शेवटी हिंदी दैनिकातच लागले आणि मराठीत अजून लिहिते.

पुस्तक घेण्याआधी एवढं कर. खालचं वाक्य मराठीत उतरवून इथेच टाक. दहा मिनिटं, शब्दकोश न उघडता, आजीला न विचारता:

'शिक्षा विभाग के आदेश में हुए संशोधन पर कर्मचारी संघ ने आपत्ति दर्ज कराई. अफसरों का कहना है कि आगे का फैसला बजट पर निर्भर है।'

रात्री दहानंतर माझं पान सुटतं, तेव्हा बघते आणि खुणा करून देते.