माझी मराठी इंदुरी आहे, मी लिहू का?

लिहायची हौस असलेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुधा दुसऱ्याच तक्रारी घेऊन. इंदूरच्या या बाईंना झोप लागत नव्हती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बोलता बोलता पर्समधून वही निघाली. "कथा आहे, पण दाखवायची लाज वाटते. माझी मराठी इंदुरी ना!"

पुण्याच्या एका मावशींनी लग्नघरात चारचौघांत त्यांच्या "येऊन राहिलेत"ची नक्कल केली होती. लिहिताना मनात समोर कोण बसलंय, हे मी नेहमी विचारते. इथे मावशी बसल्या होत्या. वाक्य लिहिलं की खोडलंच. १९१७, १९३५ आणि २००१ साली ज्या गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तिथल्या माणसाला असं वाटावं! पण वाटतं, आणि पुष्कळांना वाटतं.

वहीत सासू सुनेला म्हणत होती, "तू पोह्यांमध्ये बडीशेप घालण्यास विसरलीस असे दिसते."

"तुमच्याकडे खरंच असं बोलतात?"

त्या हसल्या. "छे! 'काय गं, सौंफ टाकलीच नाहीस? आणि जीरावन काय मी उठून घेऊ?'"

जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. सासूचा ताठाही दिसला आणि इंदूरही. मी म्हटलं, हेच लिहा. मात्र ओळीओळीत हिंदी पेरू नका, मग ती नक्कलच होते. निवेदन शेजारणीला किस्सा सांगता त्या मराठीत करा. पहिला खर्डा संपेपर्यंत खोडायचं नाही. शब्द अडला तर खाली रेघ मारून पुढे जायचं. मग मोठ्यानं वाचायचं आणि जीभ अडखळेल तिथे वाक्य मोडायचं. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४, मिळून नियम १८. तेवढं कुणीही जाणकार तपासून देईल. सासूचं बोलणं कोण पुरवणार?

कथा पुरी झाली. सासूबाईंनी ऐकली, "मी अशी बोलते?" म्हणाल्या आणि पुन्हा वाचायला लावली. झोपेवर आमचं काम अजून चालू आहे. एका कथेनं ती येईल असं मी कधी म्हटलं नव्हतं.

परवा विचारत होत्या, "मावशींना पाठवू का?"

"आधी दुसरी लिहा," मी म्हटलं.