सूरसंवाद : नवे सापडलेले गाणे दुसऱ्याला कसे ऐकवावे?

गेल्या अंकात वाचकांना मी विचारले होते की, या वर्षात आपल्याला नव्याने कोणते संगीत सापडले आणि ते आपण कोणाला ऐकवले. पत्रे पुष्कळ आली. गाण्यांच्या याद्यांबरोबर अनेकांनी आपल्या अडचणीही मोकळेपणाने कळवल्या आणि त्याच मला अधिक मोलाच्या वाटल्या. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

आदरणीय ताई, आम्ही सात-आठ मित्र दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एकाच्या घरी वसरीवर जमतो. त्या महिन्यात नव्याने ऐकलेले काहीतरी प्रत्येकाने इतरांना ऐकवायचे, असा आमचा नेम आहे. कोणी नाट्यसंगीताचा भक्त, कोणी ख्यालाचा, दोघे जॅझचे. परंतु एकाचे गाणे लागले की बाकीचे चहाची वाट पाहू लागतात. नेम मोडण्याच्या बेतात आहे. काय करावे? — एक वाचक, फोंडा

आपला नेम मोडू देऊ नका. अशी बैठक गावोगावी असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आपल्या पत्रावरून दिसते की, प्रत्येक जण स्वतःला आवडलेली चीज कसलीही पूर्वतयारी न करता सर्वांपुढे ठेवतो. ज्याने ती महिनाभर ऐकली आहे, त्याला तिच्यातील प्रत्येक वळण ठाऊक असते. ऐकणाऱ्याच्या कानाला मात्र धरून ठेवण्यासारखे काहीच सापडत नाही. म्हणून समोरच्याला आधीपासून काय येते याचा विचार करावा आणि तेथूनच त्याला पुढे न्यावे.

भैरवीचेच पाहा. आपल्या बैठकीत ती परिचयाची नाही असा कोणी नसेल. आपल्याच तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर भारतीय संगीत म्हणून तीच घेतलेली आहे. बैठकीची सुरुवात तिने करा. कोमल रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद हे स्वर कानांत मुरले की मग स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातील फ्लामेंको लावा. पाश्चात्त्य संगीतात हीच स्वरपंक्ती ‘फ्रिजियन’ या नावाने ओळखली जाते आणि फ्लामेंकोचा फार मोठा भाग तिच्यावर उभा आहे. फरक इतकाच की, षड्जावर विसावताना तेथे बहुधा गंधार शुद्ध होतो. पाको दे लुसिया (१९४७–२०१४) यांच्या गिटारीवर तो शुद्ध गंधार उजळताना आपले भैरवीचे जाणकार मित्र चहा विसरतील, याची मला खात्री आहे.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या गावच्या भजनी मंडळातील पखवाजवादक काका आमच्याकडे आले होते. बाहेर छपराच्या नळ्यांवर पाऊस कोसळत होता आणि ते पखवाजाच्या धुमेवर, म्हणजे डाव्या मुखावर, कणीक लावत बसले होते. मी फ्लामेंकोमधील ‘सोलेआ’ हा प्रकार लावला. तो बारा मात्रांचा असतो एवढेच त्यांना सांगितले. काकांनी कणकेचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांवर आपला बारा मात्रांचाच चौताल मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच आवर्तनात ते थबकले, कारण आघात तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर पडत होते. तीन, तीन, दोन, दोन, दोन. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले, मग पुन्हा एकदा, आणि चौथ्या वेळी पखवाज मांडीवर घेऊन ते आघात त्यांनी स्वतः वाजवून पाहिले. “हें आमचें न्हय, पूण परकेंय न्हय,” एवढेच ते म्हणाले. त्यांना मी स्पेनचा इतिहास सांगितला असता, तर ते शिष्टाचार म्हणून ऐकत राहिले असते. बारा हा आकडा त्यांच्या हातांत आधीच मुरलेला होता, म्हणून त्यांना पुढचे आपोआप दिसले.

तेव्हा बैठकीसाठी मी असे सुचवीन की, एका जणाने एका वेळी एकच चीज ऐकवावी, ती ऐकवण्यापूर्वी कोठे लक्ष द्यायचे तेवढे एक वाक्य सांगावे, आणि तीच चीज लगेच दुसऱ्यांदा लावावी. दुसऱ्यांदा ऐकण्याला पर्याय नाही. अर्धे गाणे ऐकवून ते बंद करण्याची सवय मात्र कटाक्षाने सोडा, कारण त्यात कलाकाराचाही अवमान होतो. ख्याल लांबतो अशी तक्रार असेल, तर ७८ गतीच्या जुन्या ध्वनिमुद्रिका निवडा. त्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे मोठ्या गवयांनीही तेवढ्या अवकाशात रागाचा अर्क बसवलेला आहे.

ताई, मी २६ वर्षांचा आहे आणि म्हापशात नोकरी करतो. फोनवरील ॲप मला आवडलेल्या गाण्यांसारखीच गाणी पुढे करत राहते. नवे म्हणून जे ऐकतो ते सारे एकाच साच्यातले वाटते. यातून बाहेर कसे पडावे? — एक वाचक, म्हापसा

गायकाचे नाव बाजूला ठेवा आणि वाजवणाऱ्याच्या नावाचा माग काढा. आपल्या म्हापशाजवळच्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईत गाजले; लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि १९५१ च्या ‘अलबेला’ या चित्रपटात ते आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. त्या चित्रपटाची गाणी आपल्या आजोबांना पाठ असतील. आता त्या गाण्यांतील केवळ ट्रम्पेट ऐका, मग स्वतः आर्मस्ट्राँग ऐका, आणि तेथून जॅझमध्ये शिरा.

गोमंतकीय वादकांचे हे दालन फार समृद्ध आहे. चर्चशी जोडलेल्या शाळांतून येथील मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवली जात असे, त्यामुळे हिंदी चित्रपटसृष्टीला मोठे वाद्यवृंद हवे झाले तेव्हा प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर लिहून देणारे आणि तो पाहून वाजवणारे कलाकार गोव्यातून गेले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन सेबास्तियन डिसोझा यांनी केले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. इकडे कोकणीत ख्रिस पेरी यांचे संगीत आणि लोर्ना यांचा आवाज एकत्र आला, तेव्हा जॅझ आणि कोकणी बोल असे एकजीव झाले की त्यांतील सांधा शोधूनही सापडत नाही. आपण लोर्ना यांना केवळ लग्नाच्या स्वागत समारंभात ऐकले असेल, तर एकदा रात्री शांतपणे ऐका आणि गाण्यामागचे पितळी वाद्यांचे काम पाहा.

जॅझमध्ये शिरल्यावर माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधील पहिली चीज ऐका. बास एक वाक्य बोलतो आणि इतर वाद्ये दोन स्वरांत त्याला होकार देतात. स्वर आपल्या काफी थाटाचे आहेत. १६ आवर्तने एकाच षड्जावर जातात, मग आठ आवर्तनांसाठी अख्खा षड्जच अर्ध्या स्वराने वर सरकतो, आणि पुढच्या आठ आवर्तनांसाठी पुन्हा मूळ जागी येतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या माझ्यासारखीला पहिल्यांदा हे ऐकताना पायाखालची जमीन हलल्यासारखे झाले होते. ते सरकणे टिपता येईपर्यंत ही चीज सोडू नका.

हिंदुस्थानी संगीत मला आवडते, पण कर्नाटक संगीतात अजून मन रमत नाही. शेजारच्याच प्रांतांचे संगीत परके वाटते याची खंत आहे. — एक वाचक, डिचोली

ओळखीच्या रागांनी आरंभ करावा. आपल्या मालकंसाला तिकडे हिंदोळम म्हणतात, भूपाला मोहनम आणि दुर्गेला शुद्ध सावेरी. यमनाच्या जवळचा राग म्हणजे कल्याणी. केवळ नावांवर मात्र विसंबू नये. तिकडचा भैरवी हा वेगळाच राग आहे, आणि आपल्या भैरवीचे स्वर तिकडे तोडी या नावाने भेटतात. एका संध्याकाळी मालकंस ऐकून लगेच हिंदोळम ऐका; स्वर तेच असताना गमकामुळे, म्हणजे स्वर आंदोलित करण्याच्या पद्धतीमुळे, त्यांची चाल कशी बदलते हे ध्यानात आले की परकेपणा कमी होईल. गतीची घाई वाटत असेल, तर एम. डी. रामनाथन यांचे संथ, खर्जातले गाणे आपल्यासाठीच आहे.

ज्या गाण्याची भाषा समजत नाही, त्याचा अर्थ आधी वाचावा की नंतर? — एक वाचक, कुडचडे

नंतर. आधी दोन-तीन वेळा नुसता आवाज ऐकावा, आपल्याला काय वाटले ते मनाशी ठरवावे आणि मग अर्थ पाहावा. केप व्हर्दे या अटलांटिक महासागरातील द्वीपसमूहाच्या सेझारिया एव्होरा (१९४१–२०११) यांचे ‘सोदाद’ हे गाणे मी असेच ऐकले. भाषा तेथील क्रिओल. एक शब्द कळत नव्हता. तरीही कोणीतरी दूर निघून गेले आहे आणि किनाऱ्यावर उभे राहून कोणीतरी वाट पाहत आहे, असे चित्र मनात उभे राहिले. पुढे वाचले तेव्हा कळले की, मजुरीसाठी साओ तोमे बेटावर गेलेल्या लोकांच्या वियोगाचे ते गाणे आहे. ज्या गोव्यातील घरटी एखादा तारवटी बोटीवर असे, तेथील बायकांना हे गाणे समजावून सांगण्याची गरजच पडणार नाही. केप व्हर्देमध्येही १९७५ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती. तेथील ‘मोर्ना’ हा गीतप्रकार आणि आपला कोकणी मांडो एकामागून एक ऐका. दोन्हींत संथ लय आहे, दोन्हींत विरह आहे, मात्र मांडोत दोन आवाज जोडीने चालतात आणि साथीला व्हायोलिनबरोबर घुमट हे मातीच्या घटाचे तालवाद्य असते.

माझा मुलगा आफ्रिकेतील लोकसंगीत शोधून शोधून ऐकतो आणि मला आग्रहाने ऐकवतो. मला त्याचे कौतुक आहे. परंतु माझी आई, म्हणजे त्याची आजी, धालोची गाणी गात असे, ती त्याने कधी ऐकलीच नाहीत. आता ती ८१ वर्षांची आहे, अंथरुणाला खिळलेली आहे, आणि तिच्याकडे कोणी गाणे मागत नाही. हे मनाला लागते. मुलाला कसे सांगू? — एक वाचक, काणकोण

आपले पत्र मी अनेकदा वाचले. मुलाला बोल लावू नका. ज्याचे कान इतक्या दूरवर जातात, तो घरातलेही ऐकेल, त्याला कोणी बोलावले नाही इतकेच. धालोत पौषातल्या चांदण्यात मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, समोरासमोर दोन ओळींत उभ्या राहून, एकमेकींच्या कमरेला हात घालून, पुढे-मागे पावले टाकत बायका गाणी म्हणत. ती गाणी बहुतेक कोठे लिहिलेली नाहीत. एका ओळीतील बायकांनी म्हटले की दुसऱ्या ओळीने ते उचलायचे, ही पद्धत पश्चिम आफ्रिकेच्या कितीतरी गाण्यांतही आहे आणि आपल्या मुलाच्या ती नक्की परिचयाची असणार. त्याला एवढेच सांगा की, आजीला दुसरी ओळ हवी आहे.

आईंना मान्य असेल, तर त्याने फोनवर ध्वनिमुद्रण करावे. पंखा बंद ठेवावा, फोन उशीपासून हातभर अंतरावर ठेवावा, आणि गाण्यापूर्वी गावाचे नाव, मांडाचे नाव व हे गाणे आईंनी कोणाकडून घेतले, तेवढे त्यांच्याच आवाजात नोंदवून घ्यावे. शब्द आठवला नाही तर मध्ये सुचवू नये. विसरलेली ओळ बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी पहाटे परत येते. धाप लागल्यास दोन ओळींवर थांबावे.

मुलाकडचेही आईंना ऐकू द्या. मालीचे अली फारका तुरे यांची गिटार आणि तुमानी दियाबाते यांचा कोरा एकत्र असलेले, २००५ साली प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण त्याच्याकडे बहुधा असेल. कोरा म्हणजे अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणून केलेले २१ तारांचे वाद्य. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या यांनी ते वाजवतात. आवाज अगदी बारीक ठेवून, दुपारची झोप झाल्यावर लावा. ते वाद्य भोपळ्याचे आहे, एवढे आईंना आधी सांगा, आणि त्या काय म्हणाल्या ते मला अवश्य कळवा.