किकऑफला तीन महिने आहेत, नव्या टीमनं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की किकऑफला, म्हणजे यंदाचा खेळ जाहीर होण्याच्या दिवसाला, तीन महिने आहेत, टीममध्ये 14 मुलं आहेत, दोन मार्गदर्शक आहेत, एफआरसीचा (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, शाळकरी मुलांच्या रोबोट-स्पर्धेचा) हा पहिलाच सीझन आहे आणि मुलांमध्ये आत्तापासून स्वर्व ड्राइव्हची चर्चा रंगलीय. तिथूनच सुरुवात करतो. पहिल्या वर्षी स्वर्वच्या नादी लागू नका. चार चाकं, प्रत्येक चाक स्वतंत्र वळणारं, हे दिसायला भारी असतं. पण त्याचं कोडिंग, कॅलिब्रेशन आणि देखभाल यातच तुमचा सीझन संपेल. स्पर्धेच्या किटमधली साधी टँक ड्राइव्ह (डावी आणि उजवी चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरवून वळणारी) घ्या, आणि ती इतकी चालवा की मुलांना कंटाळा यायला हवा.

मी हे ठणकावून सांगतोय कारण आमच्या पहिल्या वर्षी आम्ही नेमकं उलटं केलं. दोन टप्प्यांत वर जाणारा हात बनवला. स्पर्धेच्या आदल्या रात्रीपर्यंत तो जुळवतच होतो. ड्रायव्हरला सराव मिळाला जेमतेम वीस मिनिटं. मॅचमध्ये हात वर गेला एकदाच, आणि तोही चुकीच्या वेळी. आमच्याच अलायन्समधल्या, म्हणजे मॅचमध्ये आमच्या बाजूनं खेळणाऱ्या, एका टीमचा रोबोट फक्त जमिनीवरून वस्तू उचलून खालच्या गोलमध्ये टाकायचा, पण प्रत्येक मॅचमध्ये टाकायचा. बाद फेरीसाठी जोडीदार टीम निवडतात त्या सिलेक्शनमध्ये त्यांना उचललं गेलं, आम्ही गॅलरीत बसून टाळ्या वाजवल्या.

म्हणून किकऑफच्या आधीचे हे तीन महिने तीनच गोष्टींना द्या: चालवणं, वायरिंग आणि जुने गेम वाचणं.

वायरिंगबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण नव्या टीमचे रोबोट मैदानात मध्येच थांबतात ते बहुतेक वेळा याच कारणानं, आणि बिचाऱ्या प्रोग्रामरला बोलणी बसतात. आमचा रोबोट दोन मॅचमध्ये मध्येच मेला. आम्ही रात्रभर कोड उलटंपालटं केलं. शेवटी बॅटरीच्या टर्मिनलचा नट सैल निघाला, बोटानं फिरत होता. तेव्हापासून नियम एकच: प्रत्येक जोडणी केल्यावर वायर ओढून बघायची, आणि ती ओढणारा माणूस जोडणाऱ्यापेक्षा वेगळा हवा. बॅटरी 12 व्होल्टची असली तरी सहा-आठ मोटर्स एकदम जोर लावतात तेव्हा व्होल्टेज दणकन खाली येतं. ते साधारण 7च्या खाली गेलं की रोबोरिओ, म्हणजे रोबोटचा मुख्य कंट्रोलर, मोटर्सचा पुरवठा तोडतो. यालाच ब्राउनआउट म्हणतात, आणि लांबून तो हुबेहूब कोडमधल्या बगसारखा दिसतो. ड्रायव्हर स्टेशनचा (रोबोट चालवायच्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरचा) लॉग उघडून व्होल्टेजचा आलेख वाचायला किमान दोन मुलांना आत्ताच शिकवा. बॅटऱ्यांवर नंबर टाका आणि कुठली कधी चार्ज केली ते वहीत लिहा.

जुने गेम वाचणं मुलांना सुरुवातीला रटाळ वाटतं. त्यावर आमचा उपाय असा: एका शनिवारी मागच्या कुठल्या तरी वर्षाची नियमपुस्तिका हातात द्यायची आणि सांगायचं, हा आजचा किकऑफ समजा. संध्याकाळपर्यंत रोबोट काय करणार आणि, त्याहून महत्त्वाचं, काय करणार नाही हे फळ्यावर लिहा. मेकॅनिझमचं नाव तोपर्यंत कुणी काढायचं नाही. मग त्याच वर्षाच्या मॅचचे व्हिडिओ लावा आणि घड्याळ घेऊन एक सायकल मोजा: वस्तू उचलली, नेली, टाकली, परत आला. मॅच साधारण अडीच मिनिटांची. वीस सेकंदांची सायकल असेल तर ड्रायव्हरच्या हाती असलेल्या वेळात फार तर सहा-सात फेऱ्या होतात. 'आपण सगळंच करू' म्हणणारी मुलं हे गणित मांडल्यावर आपोआप गप्प होतात. (मार्गदर्शकही होतात.)

सरावासाठी रोबोट तयार व्हायची वाट बघू नका. नुसती ड्राइव्हबेस (चाकं आणि मोटर्स लावलेला सांगाडा), जमिनीवर चिकटपट्टीच्या रेघा आणि पुठ्ठ्याचे खोके पुरे. ड्रायव्हर निवडताना सगळ्यात उत्साही मुलगा किंवा मुलगी पुढे येते, तिला लगेच हो म्हणू नका. सगळ्यांची वेळ लावून चाचणी घ्या. आमची सर्वोत्तम ड्रायव्हर वर्षभर कोपऱ्यात बसून केबल सोलत होती, हे आम्हाला चाचणीनंतर कळलं.

प्रोग्रामिंगला जावा घ्या. पायथन आणि सी++ही चालतात, पण मैदानावर अडलात तर मदत करणारे जावावाले जास्त भेटतात. ऑटोनॉमसमध्ये, म्हणजे मॅचच्या सुरुवातीला रोबोट ड्रायव्हरशिवाय चालतो त्या वेळात, सुरुवातीच्या रेघेपासून पुढे सरकणं एवढं दर वेळी न चुकता जमलं तरी पहिल्या वर्षासाठी चांगलं आहे.

किकऑफनंतर गेम कळला की रोबोनॉट्स, म्हणजे टीम 118, एव्हरीबॉट नावाचं डिझाइन मोफत देतात. कमी साधनं असलेल्या टीमसाठीच ते असतं. त्यावरून बनवलं म्हणून कुणी हसत नाही, आणि हसलं तर हसू द्या.

आणि बंपर, म्हणजे रोबोटभोवतीचं धक्के झेलणारं कुंपण. प्लायवुड, पूल नूडल, वर कापड, त्यावर टीम नंबर, लाल आणि निळा असे दोन्ही रंग. नवी टीम हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलते आणि मग तपासणीच्या रांगेत स्टेपलर घेऊन उभी राहते. कापड ओढून घडी बसवायला हात सरावलेला लागतो. रोबोटची मापं किकऑफनंतरच ठरतील, पण सरावाच्या ड्राइव्हबेसवर एक बंपर या महिन्यातच करून बघा. 14 मुलांपैकी दोघांना आजच सांगून टाका, बंपर तुमचे.