'मेत्रेस' म्हणजे रखेल? मग शाळेतल्या बाईंचं काय?

प्रश्न असा : बार्बे श्रोडर यांच्या १९७६ च्या 'मेत्रेस' या फ्रेंच चित्रपटाचं नाव मराठीत 'रखेल' करावं की 'उपपत्नी'?

दोन्ही नको. 'उपपत्नी' हा तर सरकारी खात्यातला हुद्दा वाटतो, उपअभियंत्याच्या शेजारचा. आणि 'रखेल'वर माझा जुनाच राग आहे. परदेशी कथेत लग्नाबाहेरची बाई दिसली की भाषांतरकाराचा हात आपोआप या शब्दावर पडतो. अहो, रखेल म्हणजे कुणीतरी राखलेली. 'ठेवलेली' घ्या, 'अंगवस्त्र' घ्या, सगळीकडे ती कर्म, कर्ता दुसराच. 'मेत्रेस'मध्ये कर्ता तीच. 'मेत्र' म्हणजे धनी, उस्ताद. त्याचं हे स्त्रीलिंग.

चित्रपटातल्या आरियानचा (ब्युल ओजिए) पेशाच हुकमत गाजवण्याचा. गिऱ्हाइकं पैसे मोजून तिच्यापुढे लीन होतात. खालच्या मजल्यावर चाबूक नि साखळदंड, वर नीटनेटकं घर, मध्ये दुमडता जिना. चोरी करायला शिरलेला ऑलिव्हिए (जेरार दपार्दिय) तिच्या प्रेमात पडतो. खाली 'मेत्रेस' म्हणजे मालकीण, वर प्रेयसी. आणि ऑलिव्हिए वरच्या नात्याच्या जोरावर खालचा कारभार आपल्या हाती घ्यायला निघतो, इथंच त्याचं सगळं बिनसतं. शब्द दोन्ही मजल्यांवर चालतो. 'रखेल' एकाही मजल्यावर चालत नाही.

पण खरी मजा पुढेच आहे. 'मेत्र'चं मूळ लॅटिन 'मागिस्तेर', म्हणजे जो 'मागिस', अधिक, तो. जो 'मिनुस', उणा, तो 'मिनिस्तेर', म्हणजे नोकर. (मंत्र्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.) 'मागिस' आणि आपलं 'महत्' एकाच कुळातले. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द 'मेस्त्र' असा होता. मधला 'स' पुढे गळला आणि लिहिताना त्याच्या जागी अक्षरावर छोटंसं छप्पर उरलं. तोच शब्द पोर्तुगीजांच्या गलबतातून 'मेस्त्रे' होऊन आपल्याकडे उतरला आणि झाला मेस्त्री! गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात, तोही हाच. पॅरिसनं टाकलेला 'स' आमच्या सुतारानं रंध्याखाली सांभाळून ठेवला. म्हणजे आरियानबाई मेस्त्रींची सख्खी चुलत बहीण.

'मास्तर'ही याच घरातला, फक्त इंग्रजांच्या दारानं आलेला. 'मा अधिक स्तर, म्हणजे आईच्या पातळीवर उतरून शिकवणारा' ही व्युत्पत्ती मी निरोप समारंभांत इतकी वेळा ऐकली आहे की आता टाळ्यांच्या आधीच उठतो. हे व्युत्पत्तिशास्त्र नव्हे, शब्दाचा खून आहे. आणि 'मेत्रेस'च्या इंग्रजी बहिणीपुढे, 'मिस्ट्रेस'पुढे, फक्त 'रखेली' लिहून मोकळे होणारे कोशकारही फार वेगळे नाहीत.

हं, तर नाव. फ्रान्समधली प्राथमिक शाळेतली पोरं आपल्या शिक्षिकेला 'मेत्रेस' म्हणूनच हाक मारतात. आता आपल्याकडे बघा. वर्गात 'बाई, पाणी पिऊन येऊ?' विचारणारं पोर, 'बाईसाहेब आहेत का घरात?' विचारणारा गडी आणि पारावर 'त्यानं बाई ठेवलीय' म्हणून कुजबुजणारा म्हातारा, तिघं शब्द एकच वापरतात. इतकं नेमकं जुळणारं दुसरं काय हवं?

तेव्हा नाव 'बाई' द्या. कुणाला तो शाळेवरचा चित्रपट वाटला, तर तो धोका फ्रान्समध्येही होताच.