नालदेहऱ्याची पहिली गोल्फ सहल

पहिल्या गोल्फ सहलीसाठी शिमल्याजवळचे नालदेहरा आपण निवडलेत, हे उत्तम झाले. लॉर्ड कर्झनला ही जागा इतकी आवडे की धाकट्या मुलीच्या नावातही त्याने 'नालदेरा' घातले. नवख्याने फक्त नऊ होलचे (होल म्हणजे चेंडू एका भोकात घालण्याचा एक टप्पा) शुल्क आधी विचारून घ्यावे. 2,000 मीटरहून अधिक उंचीवरील विरळ हवेत चेंडू अपेक्षेपेक्षा लांब जाऊन देवदारांत हरवतो (माझे किती हरवले, ते विचारू नका), म्हणून जुने, स्वस्त चेंडूच न्यावेत. मे-जूनची गर्दी टाळून पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरीस जावे. 1903 मध्ये सुरू झालेल्या कालका-शिमला रेल्वेने, सहा-सात क्लबांची (चेंडू मारण्याच्या काठ्यांची) हलकी पिशवी घेऊन गेल्यास हमालीही वाचते.