सुपरमार्केटचा माल आणि आपलं दुकान

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

खानापूरकडच्या गावात दुकान टाकलंस आणि बेळगावच्या सुपरमार्केटातून माल आणून विकायचं म्हणतोस. आधी तुझी शंका मिटवतो. हे बेकायदेशीर नाही. बिलावर घेतलेला माल एमआरपीच्या आत कुठल्याही भावाला विकता येतो. एका बिलावर अमुकच नग, ही त्या दुकानाची स्वतःची अट आहे. ती पाळ, काउंटरवर वाद घालू नकोस. परवडतं का, हे मात्र प्रत्येक वस्तूला वेगळं बघावं लागतं.

उदाहरणाला कपडे धुण्याच्या पावडरीचा पुडा घे. समजा एमआरपी १००, एजन्सीचा (कंपनीचा माल दुकानात पोचवणाऱ्या वितरकाचा) भाव ९०, सुपरमार्केटात ८४ आणि तू देणार ९८ ला. जीएसटी नोंदणी नसेल तर एजन्सीच्या मालात ८ रुपये सुटतात, सुपरमार्केटच्या मालात १४. नोंदणी असेल तर हिशेब पार उलटतो. पावडरीवर कर १८ टक्के. ९८ मधले १४.९५ कराचे, तुझ्या हाती ८३.०५. एजन्सीच्या ९० मधला १३.७३ कर तुला भरायच्या करातून वजा मिळतो, म्हणून पुडा पडला ७६.२७ ला आणि सुटले ६.७८. सुपरमार्केटच्या साध्या बिलावर तुझा जीएसटी नंबर नसतो, त्यामुळे वजावट नाही. पुडा ८४ लाच पडला. म्हणजे दर पुड्यामागे ९५ पैसे घरचे गेले, आणि गल्ल्यात १४ सुटल्यासारखं दिसत राहिलं! म्हणून नोंदणी असेल तर एजन्सीच्या भावाला १.१८ नं भाग. त्याच्या खाली मिळालं तरच उचल. आंघोळीचा साबण, टूथपेस्ट यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे. तिथं १.०५ नं भागायचं. ९० चे ८५.७१ येतात, म्हणजे ८४ ला घ्यायला हरकत नाही. कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या सोप्या योजनेत) असशील तर वजावट कुठंच नाही, तेव्हा भावाला भाव लावून बघ.

कर्नाटकात नुसता माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची उलाढाल. त्यात करमाफ सुटा तांदूळही मोजला जातो, हे बरेच जण विसरतात. २०२५ च्या जुलैमध्ये यूपीआयची जमा बघून वाणिज्य कर खात्यानं राज्यातल्या छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या होत्या. तेव्हा दुकानाचं आणि घरचं खातं आजच वेगळं कर. आणि पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या एखाद्या हॉटेलला माल पोचवून द्यायला लागलास तर तो आंतरराज्य पुरवठा ठरतो. उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते.

मालाच्या भावात वाटखर्च धरायलाच हवा. जाऊन येऊन पन्नासेक किलोमीटर, म्हणजे मोटारसायकलला एक लिटर पेट्रोल, शंभराच्या वर. सहा हजारांच्या खरेदीत एजन्सीपेक्षा सरासरी ५ टक्के वाचले तर तीनशे. त्यातून पेट्रोल गेलं, आणि अर्धा दिवस दुकान बंद राहिलं तर उरलेलंही गेलं. नुसतं त्यासाठी जाऊ नकोस. बेळगावच्या रविवार पेठेत डाळ-तांदूळ भरायला जाशील त्याच फेरीत उरक.

आणायचं काय? मोठ्या ऑफरमधली पावडर, भांड्यांचा साबण, फरशी-संडास धुण्याचं लिक्विड, गणपती-दिवाळीच्या तोंडावर तेलाच्या पिशव्या. पाच-दहा रुपयांची बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या आणू नकोस. त्यात सूट नावापुरती असते आणि गावात खप त्यांचाच, ती लाइन एजन्सीकडेच राहू दे. साबणाचा ‘चारचा पॅक’ आणलास तर आतल्या वडीवर स्वतंत्र एमआरपी आणि वजन छापलंय का, ते घेतानाच बघ. नसेल तर वडी सुटी विकता येत नाही. पेस्टबरोबर फुकट आलेला ब्रश विकायचा नाही. पाच लिटरचा डबा फोडून सुटं तेल द्यायचं नाही. खाद्यतेल पॅकबंदच विकायचं, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे.

ऑफरचा माल पुष्कळदा तारीख जवळ आलेला असतो. एजन्सीवाला फुटका, मुदत संपलेला माल बदलून देतो, आठ-पंधरा दिवसांची उधारी देतो. सुपरमार्केट यातलं काही देत नाही. म्हणून एका महिन्यात खपेल त्याहून जास्त उचलू नकोस, आणि मुदतीचे तीन महिने तरी शिल्लक असू देत. आपल्याकडच्या पावसात पावडर जमिनीवर ठेवलीस की गठ्ठे होतात. फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब रचायची. एजन्सीवाल्याची ऑर्डर पार तोडू नकोस. त्यानं गावात यायचं बंद केलं तर दिवाळीत तुला माल मिळणार नाही.

भाव लावताना एक ध्यानात ठेव. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून आपल्या बायाबापड्या सरकारी बसनं फुकट बेळगावला जातात, सुपरमार्केटचा भाव त्यांना पाठ असतो. ८४ चा पुडा शंभरला लावलास तर पुढच्या वेळी त्या तुझ्या उंबऱ्यावरून सरळ स्टँडला जातील. वर हिशेबाला ९८ धरले, पण तू ९४-९५ ला दे. घरापाशी मिळतंय म्हटल्यावर एवढा फरक त्या मनावर घेत नाहीत.

आणि सुपरमार्केटच्या बिलाची शाई चार-सहा महिन्यांत उडते. आणल्या दिवशीच फोटो काढ, झेरॉक्स मारून तारीखवार फाइलला लाव. माल कुठून आणला असं तपासणीला आलेल्यानं विचारलं, तर दाखवायला तेवढाच कागद तुझ्याकडे असतो.

तुझा,
काका